पेटी काय विचारत होती

"सांगतो, शेठ. पण आधीच सांगून ठेवतो, तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. आज दुपारी दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले, आणि ते बोलणं माझ्या अंगातून गेलं. ह्या हातातून आत, त्या हातातून बाहेर."

असं म्हणून मी दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना नीट दिसावेत म्हणून उलटसुलट करून दाखवले.

"सदाभाऊ," मासळीवाली येसूबाई टोपलीवर हात ठेवून म्हणाली, "मागच्या येली सांगितलंस, एस्टीत पापलेटाला अर्धं तिकीट फाडलं. आता ह्ये?"

"पापलेट नव्हतं, हातभर घोळ मासा होता. आणि खिडकी अडवून बसला होता म्हणून पूर्ण तिकीट घेतलं. अर्धं कुठलं?"

बर्फ न्यायला आलेले सगळे खलाशी हसले. शेठ हसले नाहीत.

रेवदंड्याच्या खाडीवर आमच्या मच्छीमार सोसायटीचा बर्फ कारखाना आहे. संध्याकाळची वेळ होती, ओहोटीबरोबर निघायच्या होड्या धक्क्याला लागल्या होत्या, आणि कारखान्याच्या अंगणात लाद्या एकामागून एक घसरत बाहेर येत होत्या. त्या बाहेर येत होत्या याचाच सगळ्यांना आनंद होता, कारण दुपारपर्यंत आज बर्फ मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं. फक्त सोसायटीचे चेअरमन धर्माजीशेठ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एकच गोष्ट विचारत होते.

"पेटीला हात कुनी लावला?"

पेटी म्हणजे कारखान्याचा नवा कॉम्प्युटर. गेल्या साली बसवला. खिडकीपुढे पायांवर उभी केलेली लोखंडी पेटी, तिला ना पडदा, ना बटणं, पुढच्या बाजूला फक्त एक दिवा. कॉम्प्रेसर कधी चालू करायचा, कधी थांबवायचा, कुठल्या नळीत किती गारवा सोडायचा, हे सगळं ती आतल्या आत ठरवते. ती बसवली त्या दिवशी शेठनी सगळ्यांना जमवून बजावलं होतं, हिला कुणी बोट लावायचं नाही, पुसायचीसुद्धा नाही, लावील तो दुसऱ्या दिवशी फाटकाच्या बाहेर. शेठ बोलतात ते करतात. एका वॉचमनला त्यांनी बर्फावर बियर गार करताना पकडलं होतं, तो आता नागावला पर्यटकांना केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसवून समुद्रात फिरवतो.

आणि आज दुपारी शेठना फोनवर कळलं होतं की कुणीतरी हात लावला आहे. म्हणून ते आले होते.

फाटकाबाहेर जाण्यासारखा माणूस तिथे एकच होता. नामा. बाकीचे आम्ही सगळे येणारे-जाणारे.

नामा कारखान्यात लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटायचं होतं. आता त्याच्या मिशीला बर्फाचाच रंग आलाय. जुना कॉम्प्रेसर तो कानाने चालवायचा. घरी जेवायला बसला असला आणि वाऱ्यावरून आवाज जरा बदलून आला, की हातातला घास ताटात ठेवून पळत यायचा. बर्फाच्या डब्यांभोवतीच्या मिठाच्या पाण्यात सतत हात घालून त्याचे हात इतके गार झालेत की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्याने नवरीचा हात धरला, तर ती म्हणाली, अगो बाय, माणूस जिता हाय ना? हे मी स्वतः ऐकलंय. निदान तिच्या भावाने मला सांगितलंय.

नवी पेटी आल्यावर नामाला करण्यासारखं फार उरलं नाही. लाद्या काढायच्या, डबे पुन्हा पाण्याने भरायचे, झाडलोट करायची. दुसरा एखादा तोंड पाडून बसला असता. नामाने पेटीला जावयासारखं सांभाळलं. पत्रा गळायला लागला तेव्हा तिच्या डोक्यावर ताडपत्री बांधली, स्वतःची खाट मात्र गळतीखालीच राहिली. त्या कारखान्याबाहेर नामा काय करील, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या मनात कधी आला नव्हता. आज तो सगळ्यांच्याच मनात होता, आणि नामा खाली मान घालून लोखंडी आकड्याने लाद्या ओढत होता.

मी कोण? मी रिटायर्ड कंडक्टर. अलिबाग-मुरुड मार्गावर जन्म काढला. आता रोज नामाकडे येऊन बसतो. बाहेर उकाडा, आत गारवा, आणि नामा चहा करतो. म्हणजे घडलं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि सांगायचा मान माझाच.

"तर शेठ," मी म्हणालो, "पहाटे लाइट गेली आणि आली. दिवा लुकलुकायला लागला, पण कॉम्प्रेसर उठेना. नामाने पुण्याला कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पेटीला तोंड नाही, पण पाठीमागे एक सॉकेट आहे. त्याला केबल लावा, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप लावा, आणि पेटी काय बोलते ते त्याच्या पडद्यावर वाचा. हे ऐकून नामा मला म्हणतो कसा, सदा, ही बोलते? वर्षभर मी हिच्या शेजारी झोपतोय, कधी घोरलीसुद्धा न्हाय."

"मंग दिशाला बोलावलीत," शेठ म्हणाले. "म्हाइती हाय. मीच व्हय म्हनालो."

दिशा नामाची सून. अलिबागला एका दुकानात कॅमेरे बसवणं, कॉम्प्युटर जोडणं असली कामं करते. ती अंगणात दाराशी बसून केबल गुंडाळत होती. मघापासून तीच केबल गुंडाळत होती.

"बोलावली, आली. स्कूटरवरून उतरली ती सरळ पेटीकडे. केबल लावली, आणि पडदा काळाकुट्ट. काही नाही. तिने लॅपटॉपला विचारलं, बाबा रे, तुला केबल कुठल्या दाराने आली ते तरी ठाऊक आहे का? तो भलत्याच दाराशी कान लावून बसला होता. तिने दार बदललं. तरी काळोखच."

"दार म्हणजे पोर्ट, काका," दिशा मान वर न करता म्हणाली.

"तेच ते. मग तिने केबलच उलगडली. तिचं म्हणणं, ही सरळ केबल आहे. ह्याचं तोंड त्याच्या तोंडाला आणि ह्याचा कान त्याच्या कानाला. मला लगेच समजलं. आमच्या गाडीत मागच्या बाकावर दोन विहिणी बसायच्या, दोघी बोलायच्या, ऐकायची एकही नाही. मुरुड येईपर्यंत दोघींना वाटायचं, किती छान गप्पा झाल्या. ही तशीच गत. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला यायला हवं, म्हणजे मधल्या दोन वायरी आडव्या घालायच्या. दिशाने कात्री घेतली, वायरी सोलल्या, अदलाबदल केली."

"आन् बोलली?" येसूबाईने विचारलं. आता तिने टोपलीवरचा हात काढून हनुवटीखाली घेतला होता.

"बोलली! पण काय बोलली? प्रश्नचिन्हं, चौकोन, उलटे-सुलटे मणी. दारू प्यायलेल्या माणसाची सही असते तसं. दिशा म्हणाली, वेग जुळत नसेल. पेटी एका वेगाने बोलते, लॅपटॉप दुसऱ्या वेगाने ऐकतो. म्हटलं, म्हणजे लाल डब्यातला पॅसेंजर शिवशाहीच्या खिडकीतून ओळखायचा. तिने वेग बदलले. हळू, जरा जलद, आणखी जलद. प्रत्येक वेळी चौकोन वेगळे, पण चौकोनच. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, वेग मी सांगतो तोच आहे, पुढचं मला इथून कळत नाही, उद्या माणूस पाठवतो."

"उद्या!" एक खलाशी म्हणाला आणि धक्क्याकडे बघून थुंकला.

"तेव्हा डब्यांतल्या लाद्या मधून अजून पाणीच होत्या. नामा झाकण उचलायचा, आत बोट घालायचा, झाकण ठेवायचा.  मी म्हटलं, आपण जरा जवळ जाऊन बघावं. उठलो. फरशी ओली. पाय सटकला. एक हात पेटीच्या दाराच्या कडीला, दुसरा हात लॅपटॉपच्या पाठीवर. लॅपटॉप पत्र्याचा. आणि शेठ, ह्या गळ्याची शपथ, पडद्यावर अक्षरं आली! स्वच्छ, सरळ, शाळेच्या फळ्यावर असतात तशी!"

"हात तिच्या मारी," येसूबाई म्हणाली.

"मी घाबरून हात काढला. चौकोन. हात ठेवला, अक्षरं. दिशा ओरडली, काका, हलू नका! जिवंत आहात तसे उभे रहा!"

"असं नाही म्हणाले मी," दिशा म्हणाली. पण हसली.

"तिने मला समजावलं. बोलायला एक वायर, ऐकायला एक, पण तिसरी एक लागते, जमिनीची. तिच्यातून कोणी बोलत नाही. मग कशाला लागते? तर ती म्हणाली, काका, खाडीचं पाणी किती चढलं हे दोन माणसांनी मोजायचं, तर दोघांनी एकाच दगडावरून मोजलं पाहिजे ना? एक मोजणार धक्क्यावरून, दुसरा मोजणार होडीतून, तर आकडे जुळणार कसे? तिसरी वायर म्हणजे तो दगड. तो दगडच कुठेतरी निखळलाय, आणि आत्ता तो दगड तुम्ही आहात."

"हे बराबर बोलली," शेठ पहिल्यांदाच मान हलवून म्हणाले. शेठच्या बापजाद्यांची होडी होती.

"मग मी दगड झालो. ह्या हाताला मुंग्या, त्या हाताला मुंग्या, आणि मधून अक्षरं चाललेली. कळत होती मला एकेक. गोल अक्षर कोपरात जरा अडकायचं, उभं अक्षर सर्रकन जायचं. नाकाला खाज सुटली. हात काढता येईना. नामाला म्हटलं, खाजव बाबा. त्याने त्या गार बोटाने नाक खाजवलं, तर पडद्यावर एक अक्षर जास्तीचं उमटलं!"

आता तर लाद्या भरणारे खलाशीही थांबले होते. फक्त नामाचा आकडा फरशीवर वाजत होता.

"पेटी बोलत काय व्हती ते सांग ना," येसूबाई म्हणाली.

"सांगतो. पडद्यावर इंग्रजीत होतं, दिशाने वाचलं. पण माझ्या अंगातून गेलं तेव्हा ती चक्क आपल्यासारखं बोलली. म्हणाली, आज वार कंचा? माजी तारीख हरवली. काम सुरू करू का नको?"

"पेटी आपल्यातली हाय व्हय?"

"रेवदंड्याची हवा लागली असणार. तर झालं होतं असं, तिच्या पोटातला बारका सेल मेला. लाइट गेली तशी ती तारीख विसरली. आणि लाइट आल्यावर तिने शहाण्यासारखं विचारलं, तारीख चुकते आहे, सुरू करू का? पहाटेपासून विचारत होती, येसूबाई. आम्ही समोर उभे, दिवा लुकलुकतोय, आणि ती बिचारी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते आहे. कुणी व्हय म्हणावं एवढंच तिला हवं होतं."

येसूबाईने ओठ चावला. तिच्या धाकट्या पोराचं बोलणं उशिरा सुरू झालं होतं.

"दिशा म्हणाली, बाबा, हो म्हणू का? नामा पेटीच्या जवळ गेला. तिच्या कानाशी वाकला, म्हणजे तिला कान असता तर जिथे असता तिथे. म्हणाला, व्हय गं बाय. कर सुरू. दिशाने बटण दाबलं. ते व्हय माझ्या डाव्या खांद्यावरून गेलं आणि उजव्या तळहातातून पेटीत शिरलं. आणि शेठ, कॉम्प्रेसर उठला. धड, धड, धड. नामाने नळीवर पंजा ठेवला आणि तसाच उभा राहिला. गार व्हायला लागली तसा खाली बसला. रडला नाही. घाम पुसला, डोळ्यांतला."

 मग होडी चालवणारा एक म्हातारा तांडेल म्हणाला, "चांगलं झालं रं, नामा," आणि नामाने मान न उचलता "हूं" केलं.

इथे गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. संपवतच होतो. पण शेठ खुर्चीत पुढे सरकले.

"गोष्ट झाक हाय, कंडक्टर. पन माझी गोष्ट ऱ्हायली. दिशा फोनवर बोलली, सॉकेटात रंग व्हता. तिसऱ्या वायरच्या पिनेला. म्हनून दगड निखळला. खरं ना, दिशा?"

"हो," दिशा म्हणाली. "कॉम्प्रेसर चालू झाल्यावर मी बॅटरी मारून आत बघितलं. कोपऱ्यातली एक पिन निळी होती. ब्लेडने खरवडली, मग काकांची गरज लागली नाही." एवढं बोलून ती पुन्हा केबलकडे वळली.

"आन् पेटीची सगली पाठ निली हाय. पुढून ग्रे, मागून निली. मी आता बघून आलो. मी काय बोललेलो? बोट लावायचं न्हाय. आर्धा दिवस गेला, चार होड्या बसून ऱ्हायल्या. कुनी लावला रंग?"

आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवतात. डब्यात उरलेला रंग घरी न्यायचा नाही, समुद्रात ओतायचा नाही, त्याच दिवशी कशाला ना कशाला लावून संपवायचा, नाहीतर होडीचं आयुष्य घटतं. म्हणून आमच्या वस्तीत हातपंप हिरवा, शाळेचं फाटक केशरी, आणि चक्कीवाल्याची सायकल एका बाजूने एका रंगाची, दुसऱ्या बाजूने भलत्याच. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकवायचं तर रंगाशिवाय उपाय नाही, हे इथे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. नामाच्या भावाची होडी निळी आहे, हेही सगळ्यांना ठाऊक. अंगणातल्या माना हळूहळू एकाच दिशेला वळायला लागल्या.

"मी लावला," मी म्हणालो.

"तू?"

"मी. निळ्या रंगाचा डबा इथे पडला होता. नामा डबे भरत होता, मी बसून बसून कंटाळलो होतो. म्हटलं, पेटीची पाठ खिडकीकडे, वारा थेट लागतो, फिरवू दोन हात. ब्रश भिजवला, ओढला वरून खाली. आता मी काय रंगारी आहे? ओघळ आले. एक ओघळ गेला असेल त्या सॉकेटात. तुमचा नियम मला कुठे माहीत? मी सोसायटीचा माणूस नाही. काढा मला फाटकाबाहेर. एस्टीने काढलं तेव्हा नारळ तरी दिला होता, तुम्ही तो पण देऊ नका."

हशा पिकला. येसूबाई तर टोपलीला धरून हसली. "तरी बोललू मी," ती म्हणाली, "ह्यो नुसता बसून ऱ्हातोय कसा!" शेठनी कपाळावर हात मारला, पण त्यांच्या मिशीचं टोक हललं. आयुष्यभर मी गोष्टी सांगितल्या, इतक्या सहज गळी उतरलेली दुसरी आठवत नाही. कुणी शपथ घ्यायला लावली नाही, कुणी हात दाखव म्हटलं नाही. शेठ खुर्चीचे हात धरून उठायला लागले.

"उद्यापासनं ह्याला चहा बंद," ते म्हणाले. "एवढीच शिक्षा."

नामाचा आकडा वाजायचा थांबला.

तो दारात उभा होता. पायाशी लादी, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि तिच्यातून वाफ निघत होती.

"खोटं बोलतंय ह्यो," नामा म्हणाला.

मी त्याच्याकडे डोळे मोठे केले. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"अंगातनं अक्षरं गेली, त्याला मी काय बोलनार न्हाय. नाक मीच खाजवलं. पन रंग ह्याचा न्हाय, शेठ. ह्याच्या घरचा दरवाजा बघा, ह्यानं रंगवलेला, मेनबत्तीवानी दिसतंय. पेटीच्या पाठीवर एक ओघल दाखवा मला. एक."

"बाबा," दिशा हळूच म्हणाली.

"थांब गं. सॉकेटात ओघल न्हाय गेला. त्या कोपऱ्यातल्या पिनेला गंज धरत व्हता. बाकीच्या चकचकीत, ही एकच तांबूस. वाटलं, आज हिला धरला, उद्या सगल्यांना धरंल. काडीपेटीतली काडी घेतली, टोकाला कापूस लावला, आन् तेवढ्या एका पिनेला रंग दिला. दोन हात दिले. बाजूच्या पिनेला लागू दिला न्हाय. इचारा सुनेला, लागलाय का."

दिशाने मान हलवून नाही म्हटलं.

"त्यो हात माझा हाय," नामा म्हणाला. "भाएर जा म्हनाल तं जातो. पन आधी ही लादी घ्या. त्या टोकाला धरा, शेठ. पानी व्हतंय तिचं."

शेठ इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले होते. त्यांनी बाह्या वर सारल्या.